वाचक विचारतात : ट्रायॅकचा रेग्युलेटर कुठे चालतो, कुठे मोटर जाळतो

उन्हाळा तोंडावर आला की विदर्भात माळ्यावरचे कूलर खाली येतात आणि त्यांच्याबरोबर रेग्युलेटरचे प्रश्नही येतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं गोल नॉबच्या, म्हणजे ट्रायॅकवर चालणाऱ्या रेग्युलेटरबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : कूलरच्या मोटरला बाजारातला गोल नॉबचा रेग्युलेटर बसवला. स्पीड कमी होतो, पण मोटर घुंघुं करते. हा रेग्युलेटर आत नेमकं काय करतो? आवाजामुळे मोटर खराब होईल का?
*एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ*

घरातली लाइन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. म्हणजे व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं आणि दोन शून्यांमध्ये १० मिलिसेकंदांचं एक अर्धचक्र असतं. ट्रायॅक हा मोटरच्या वाटेत बसवलेला स्विच आहे. त्याच्या गेटला छोटासा करंट मिळाला की तो चालू होतो आणि मोटरचा करंट शून्याजवळ येईपर्यंत चालूच राहतो. करंट शून्यावर आला की आपोआप बंद होतो आणि पुढच्या अर्धचक्रात गेटच्या इशाऱ्याची पुन्हा वाट पाहतो. हा इशारा किती उशिरा द्यायचा, एवढंच नॉब ठरवतो.

अर्धचक्र सुरू झाल्यावर ३.३ मिलिसेकंदांनी ट्रायॅक पेटला, तर मोटरला साधारण २०६ व्होल्ट मिळतात. ५ मिलिसेकंदांनी, म्हणजे बरोबर मध्यावर पेटला, तर १६३ व्होल्ट. ६.७ मिलिसेकंदांनी पेटला, तर १०२ व्होल्टच. हे आकडे बल्बसारख्या साध्या लोडचे आहेत. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे थोडा फरक पडतो, पण अंदाज यावरून येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्यात ५० हर्ट्झ ५०च राहतात. कूलरची मोटर इंडक्शन जातीची, तिचा मूळ वेग फ्रिक्वेन्सी आणि पोल यांवर ठरतो : चार पोलला १५००, सहा पोलला १००० फेरे मिनिटाला. लोडवर ती याच्या थोडी खाली, १४०० किंवा ९००च्या आसपास चालते. रेग्युलेटर हा मूळ वेग बदलत नाही. तो मोटरचा जोर कमी करतो, आणि जोर अपुरा पडल्यामुळे मोटर मागे पडते. पंख्याला हे चालतं, कारण पात्याला लागणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे उतरतो. वेग निम्मा झाला की जोर पावच लागतो. त्यामुळे मोटर कुठल्या तरी कमी वेगावर स्थिरावते. पात्याऐवजी दुसरं काही जोडलं की हे गणित बिघडतं. त्याबद्दल कुट्टीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

घुंघुं आवाज येतो तो करंट मध्येच तुटून झटक्याने सुरू होतो म्हणून. त्यात ५०बरोबर १५०, २५० हर्ट्झचे अंशही मिसळतात आणि त्यांनी मोटरच्या पत्र्या व वायंडिंग थरथरतात. साधारण मधल्या स्पीडला आवाज सर्वांत जास्त असतो. नुसत्या आवाजाने मोटर जळत नाही. मात्र मोटर अर्धा तास मधल्या स्पीडवर चालवून बॉडीला उलट्या हाताने स्पर्श करून पाहा (आधी प्लग काढा). हात दोन सेकंदही टेकवत नसेल, तर तो स्पीड त्या मोटरला झेपत नाही, असं समजा आणि नॉब वर घ्या. आवाज अचानक वाढला आणि मोटर पटकन तापू लागली, तर रेग्युलेटर एकाच बाजूच्या अर्धचक्रात पेटतो आहे अशी शक्यता आहे. त्याची चाचणी पुढे दिली आहे.

नवा कूलर घेणार असाल, तर आमचं मत स्पष्ट आहे : वायंडिंगमधूनच तीन स्पीड काढलेली मोटर घ्या. आवाज नाही, ट्रायॅक नाही, पावसाळ्यात सडणारं सर्किट नाही. घरातल्या छताच्या पंख्याला पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर चांगला. त्यात करंट तुटत नाही, म्हणून पंखा गुणगुणत नाही. पण तो पंख्याच्या ७०-८० वॅटसाठी असतो, कूलरच्या मोटरला लावू नका.

प्रश्न : आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कूलरच्या १८० वॅटच्या मोटरसाठी रेग्युलेटर स्वतः तयार करायचा आहे. पार्ट कोणते घेऊ आणि जोडणी कशी करू?
*एक विद्यार्थी, मूर्तिजापूर, जि. अकोला*

पार्टची यादी अशी. ट्रायॅक बीटीए १२-८००. डायॅक डीबी ३. पॉट (नॉबचा बदलता रेझिस्टर) ५०० किलोओहमचा, प्लास्टिकच्या दांडीचा. १० किलोओहम अर्धा वॅट आणि २२० किलोओहम अर्धा वॅट, असे दोन रेझिस्टर. टायमिंगसाठी ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, २५० व्होल्ट किंवा जास्त (त्यावर १०४ छापलेलं असतं). स्नबरसाठी (मोटरमुळे ट्रायॅकवर येणारा झटका शोषणारी जोडी) १०० ओहम १ वॅट आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स२ खूण असलेला कपॅसिटर. एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका शोषणारा पार्ट) १४ मिमी, ४३१ नंबरचा. २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. हीटसिंक आणि प्लास्टिकचा डबा.

बीटीए घ्या, बीटीबी नको. बीटीएचा पत्र्याचा टॅब आतून इन्सुलेटेड असतो. बीटीबी आणि बीटी १३६च्या टॅबवर सरळ लाइन येते, म्हणजे हीटसिंकला बोट लागलं तर शॉक. बीटीए १२चे पाय, नंबर छापलेली बाजू आपल्याकडे धरून, डावीकडून एमटी१, एमटी२ (ही करंटची दोन मुख्य टोकं) आणि गेट असे येतात.

जोडणी : फेज स्विचला, स्विचमधून फ्यूजला, फ्यूजमधून एमटी१ला. एमटी२ मोटरला, मोटरचं दुसरं टोक न्यूट्रलला. मग एमटी२पासून १० किलोओहम, त्याच्या पुढे पॉट, पॉटच्या पुढच्या टोकापासून टायमिंग कपॅसिटर एमटी१ला. पॉट आणि कपॅसिटर जिथे मिळतात, तिथून डायॅक गेटला. डायॅकला उलटं-सुलटं नसतं. स्नबरचे १०० ओहम आणि एक्स२ कपॅसिटर एकापुढे एक जोडून एमटी१ आणि एमटी२च्या मध्ये. एमओव्ही फ्यूजच्या पुढे, फेज आणि न्यूट्रलमध्ये. फ्यूजच्या आधी लावू नका. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. तेव्हा एमओव्ही तापून जळतो आणि त्याला तोडणारा फ्यूज त्याच्या आधी असावाच लागतो.

काम असं चालतं : कपॅसिटर पॉटमधून भरत जातो, त्यावर सुमारे ३२ व्होल्ट झाले की डायॅक 'फुटतो', म्हणजे एकदम चालू होतो, आणि गेटला झटका देतो. पॉटचा रेझिस्टन्स जास्त, तर भरायला वेळ जास्त, तर मोटरला व्होल्टेज कमी. १० किलोओहम कशाला? नॉब एका टोकाला गेला की पॉट शून्य होतो. तेव्हा पॉटचा कार्बन आणि डायॅक जळू नयेत म्हणून.

२२० किलोओहमचा रेझिस्टर पॉटच्या वापरातल्या दोन टोकांना समांतर लावा. बरेच जण तो गाळतात आणि तिथेच मोटर जळते. नुसता ५०० किलोओहम ठेवला, तर नॉबच्या शेवटच्या भागात कपॅसिटर ३२ व्होल्टपर्यंत पोचतच नाही. त्याच्या जरा अलीकडे मोटरला इतकं कमी व्होल्टेज मिळतं की पातं फिरत नाही, पण वायंडिंगमधून करंट चालू राहतो. रात्रभर असं राहिलं की सकाळी वार्निशचा वास. २२० समांतर लावल्यावर नॉब सर्वांत खाली असला तरी मोटरला १२०-१३० व्होल्टच्या आसपास मिळतात. पूर्ण थांबलेली मोटर त्या टोकावर स्वतःहून सुरू होते का, ते तपासा. नाही झाली, तर २२०च्या जागी १५० किलोओहम लावा. प्रत्येक वेळी प्लग काढूनच रेझिस्टर बदला.

हीटसिंकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पुस्तकात '१ अँपिअरपर्यंत हीटसिंक नको' असं वाचायला मिळतं. १८० वॅटची मोटर पाऊण ते एक अँपिअर घेते. चालू ट्रायॅकवर १ ते १.३ व्होल्ट पडतात, म्हणजे सव्वा वॅटपर्यंत उष्णता. या आकाराचा ट्रायॅक हीटसिंकशिवाय दर वॅटमागे ६० अंश वर जातो. सव्वा वॅटला ७५ अंश. पुस्तक लिहिणाऱ्याच्या खोलीत २५ अंश असतील, तर ट्रायॅक १०० अंशांवर राहील आणि त्याची हद्द १२५ आहे. पण अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश, बंद डब्यात ५०च्या वर. बेरीज १२५ला टेकते. हद्दीजवळ पोचलेला ट्रायॅक गेटच्या इशाऱ्याशिवायही पेटतो आणि दुपारी दोनला पंखा नॉब न ऐकता फुल पळायला लागतो. म्हणून ५ सेंमी लांबीचा तरी ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावा, मध्ये सिलिकॉन पेस्ट लावा, डब्याला खाली आणि वर भोकं पाडा. डबा कूलरच्या ओल्या बाजूला नको आणि ऊन लागणाऱ्या भिंतीवरही नको.

पहिल्यांदा चालू करताना मोटरऐवजी १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडा. एलईडी बल्बवर ही चाचणी होत नाही. नॉब फिरवल्यावर बल्ब सरळ मंद आणि तेज झाला पाहिजे. मग मोटर लावा.

सगळं सर्किट लाइनशी थेट जोडलेलं आहे, ट्रान्सफॉर्मर मध्ये नाही. नॉबची दांडी धातूची असू नये, नॉबचा स्क्रू उघडा राहू नये. वर्कशॉपमधल्या ऑसिलोस्कोपचा क्लिप या सर्किटला लावू नका. तो अर्थला जोडलेला असतो, लावताच शॉर्ट होतो.

प्रश्न : नॉब हळूहळू वाढवला तर पंखा बराच वेळ बंद राहतो आणि एकदम जोरात सुरू होतो. मग नॉब मागे घेतला की कमी स्पीडवरही छान चालतो. बिघाड आहे का?
*एक वाचक, देवळी, जि. वर्धा*

बिघाड नाही, साध्या सर्किटचा स्वभाव आहे. डायॅक फुटला की टायमिंग कपॅसिटरमधला चार्ज अर्धवट निघून जातो. त्यामुळे पुढच्या अर्धचक्रात तो वेगळ्याच पातळीपासून भरायला लागतो आणि लवकर पोचतो. न पेटलेल्या आणि पेटलेल्या अवस्थेत वेळ वेगळी पडते, म्हणून उडी. पॉट आणि डायॅकच्या मध्ये १५ किलोओहम आणि त्याच्या पुढे आणखी एक ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर एमटी१ला लावून डायॅक या दुसऱ्या कपॅसिटरवरून घेतला, की उडी बरीच कमी होते. नाहीतर रोजची सवय बदला : आधी नॉब फुलवर, पंखा वेगात आला की कमी करा. मोटरलाही हेच बरं.

प्रश्न : दोन एचपी सिंगल फेज मोटरवर कडबा कुट्टी चालते. ती फार वेगात कापते म्हणून ४००० वॅटचा डिमर लावला. पाच मिनिटांत मोटरवरचा कपॅसिटर फुटला. जास्त वॅटचा डिमर लावू का?
*एक शेतकरी वाचक, मेहकर, जि. बुलढाणा*

लावू नका. डिमर म्हणजे मोठा ट्रायॅक रेग्युलेटरच, तो कितीही वॅटचा आणला तरी हेच होईल.

इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरतो. २३०चे १६३ व्होल्ट केले की जोर निम्मा. पंख्याचं पातं हळू फिरलं की त्याचं ओझंही हलकं होतं, पण कुट्टीच्या पात्याखाली आलेल्या कडब्याचं तसं नाही. कमी वेगातही तो कापायला तेवढाच जोर लागतो. म्हणून डिमर कमी करत नेला की आधी वेगात फारसा फरक पडत नाही, मोटर फक्त जास्त करंट ओढते. एका मर्यादेखाली ती एकदम दबते आणि अडकते.

कपॅसिटर फुटला त्याचं कारण वेगळं. तुमच्या मोटरमध्ये सुरुवातीच्या वायंडिंगला सेंट्रिफ्युगल स्विच आहे. मोटर तीन चतुर्थांश वेगाला पोचली की तो स्विच स्टार्टिंग कपॅसिटर तोडतो. हा कपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो. डिमरमुळे वेग खाली आला, स्विच पुन्हा जुळला, कपॅसिटर मिनिटभर लाइनवर राहिला आणि फुटला. आता मोटरचा स्विचही पाहून घ्या. त्याचे पॉइंट चिकटले असतील, तर नवा कपॅसिटरही तसाच जाईल. पॉइंट काळे पडले असतील तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा, खड्डे पडले असतील तर स्विच बदला.

शिवाय वेग असा दाबून कमी केला की उष्णता रोटरमध्येच साठते. १५०० वेगाची मोटर १०००वर रेटून चालवली, तर रोटरला पोचलेल्या ताकदीचा तिसरा हिस्सा नुसता तापण्यात जातो. मोटर भरून आणण्याचा खर्च त्यामुळेच अंगावर येतो.

कुट्टीचा वेग पुलीने कमी करा. हिशोब साधा : मोटरचा वेग गुणिले मोटरची पुली, भागिले मशीनची पुली. १४४०च्या मोटरवर ४ इंची आणि मशीनवर १६ इंची असेल, तर चाक ३६० फिरतं. मशीनची २० इंची केली की २८८. मोटरची ४ची ३ इंची केली तर २७०, आणि हे स्वस्तात होतं. ए सेक्शनच्या पट्ट्याला ३ इंचांखाली जाऊ नका, पट्टा वाकून घसरतो आणि तडकतो. पुली बदलल्यावर पट्ट्याची लांबीही बदलते, मोटरच्या स्लाइडवर तेवढी जागा आहे का आधी मोजा. पट्टा फिरतो तिथे जाळीचं कव्हर लावल्याशिवाय मशीन चालू करू नका.

चालता चालता वेग बदलायचा असेल, तर व्हीएफडी हाच खरा उपाय. तो फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही एका प्रमाणात कमी करतो, म्हणून जोर टिकतो. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारे व्हीएफडी मिळतात. पण त्याला थ्री फेज मोटर लागते, तुमची कपॅसिटरवाली चालणार नाही. मोटरच्या नावपट्टीवर डेल्टा जोडणीत २३० व्होल्ट लिहिलंय का, ते पाहूनच घ्या. हे उत्तर पिठाच्या गिरणीला आणि मिरची कांडपालाही जसंच्या तसं लागू आहे. विहिरीवरच्या पंपालाही डिमर लावू नका.

प्रश्न : नॉब मध्यावर असताना मीटर ११५ व्होल्ट दाखवतं. मी दोन रेग्युलेटर बदलले, तरी तेवढेच.
*एक वायरमन वाचक, पवनी, जि. भंडारा*

रेग्युलेटर चांगले असावेत, मीटरची मर्यादा आहे. साधं मीटर सरासरी मोजतं आणि पूर्ण गोलाईची लाट गृहीत धरून आकडा दाखवतं. बरोबर मध्यावर कापलेल्या लाटेला ते ११५ दाखवतं. प्रत्यक्षात मोटरला १६३ मिळत असतात. ट्रू आरएमएस लिहिलेलं मीटरच इथे खरं सांगतं. कपॅसिटरच्या रेग्युलेटरवर मात्र साधं मीटर चालतं, तिथे लाट कापलेली नसते.

प्रश्न : रेग्युलेटर असूनही पंखा फुल पळतो. कधी नुसता गुरगुरतो. कोणता पार्ट गेला हे घरीच कसं ओळखावं?
*दोन वाचक, उमरेड, जि. नागपूर आणि वरोरा, जि. चंद्रपूर*

प्लग काढा, रेग्युलेटर सोडवा, दोन्ही कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. मीटर ओहमवर ठेवून एमटी१ आणि एमटी२ तपासा. शून्याजवळ दाखवलं, तर ट्रायॅक शॉर्ट. विजा चमकल्यानंतर किंवा डीपीवर काम झाल्यानंतर हे जास्त होतं, म्हणून ६०० ऐवजी ८०० व्होल्टचा ट्रायॅक आणि एमओव्ही लावायला सांगितलं. चांगल्या ट्रायॅकमध्ये एमटी१-एमटी२ काहीच दाखवत नाही आणि एमटी१-गेट दोन्ही दिशांनी थोडे ओहम दाखवतं. डायॅक मीटरवर दोन्ही बाजूंनी उघडाच दिसतो. तो तसाच दिसला म्हणजे चांगला आहे, असं मात्र ठरत नाही.

ट्रायॅक ठीक असेल, तर १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा. बल्ब नीट मंद होतो पण मोटर फुलच पळते, असं असेल तर स्नबर पाहा. मोटरमध्ये करंट मागे राहतो. करंट शून्यावर येऊन ट्रायॅक बंद होतो, त्या क्षणी लाइनचं व्होल्टेज बरंच वर गेलेलं असतं. ते एका झटक्यात ट्रायॅकवर पडतं आणि गेटला इशारा नसताना तो पुन्हा पेटतो. हा झटका शोषायचं काम स्नबरचं. त्यातला १०० ओहम जळून उघडा पडतो किंवा एक्स२ कपॅसिटरची क्षमता उतरते. स्वस्त रेग्युलेटरमध्ये स्नबर बसवलेलाच नसतो, डबा उघडला की रिकामी जागा दिसते. नावाच्या शेवटी बीडब्ल्यू किंवा सीडब्ल्यू असलेले ट्रायॅक असा झटका जास्त सोसतात, तेही लावता येतील.

गुरगुरणं आणि तापणं असेल, तर मोटर चालू असताना तिच्या दोन टोकांवर मीटर डीसी व्होल्टवर लावा, प्रोब इन्सुलेटेड आणि एक हात खिशात. आकडा शून्याच्या आसपास हवा. वीस-तीस किंवा जास्त डीसी व्होल्ट दिसले, तर ट्रायॅक एका बाजूच्या अर्धचक्रातच नीट पेटतो आहे. इंडक्शन मोटरला डीसी म्हणजे ब्रेक : जोर जातो, वायंडिंग तापतं. लगेच बंद करा, डायॅक बदला, तरी राहिलं तर ट्रायॅक.

आणि हे सगळं करण्याआधी मोटरचा रनिंग कपॅसिटर बदलून पाहा. पंखा मंद फिरतो म्हणून आलेल्या तक्रारींत दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. छताच्या पंख्याला २.५ मायक्रोफॅरड असतो. तो १.८पर्यंत उतरला तरी पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच घ्या. मोठा घातला की वायंडिंग तापतं.

प्रश्न : रात्री गावात लाइन डीम होते, १८० व्होल्टच येतात. तेव्हा कूलर कमी स्पीडवर चालतच नाही.
*एक वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली*

१८० व्होल्टला मोटरचा जोर आधीच ६१ टक्क्यांवर आलेला असतो. त्यात लाइन कमी झाली की टायमिंग कपॅसिटरला ३२ व्होल्टपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, म्हणून ट्रायॅकही उशिरा पेटतो. दुहेरी मार बसतो. अशा रात्री नॉब फुलवर ठेवून झोपा. पातं थांबलं आणि मोटर गुणगुणते आहे असं दिसलं, तर लगेच स्विच बंद करा.

प्रश्न : रेग्युलेटर बंद असताना कूलरच्या मोटरची वायर धरली आणि झटका बसला. बंद म्हणजे बंद नाही का?
*एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ*

नाही. नॉब शून्यावर नेणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. ट्रायॅक बंद असला तरी स्नबरचा ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर लाइनला जोडलेला असतो आणि त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो. झटका जोरात जाणवायला तेवढा पुरतो. ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने, शिडीवर उभं असताना तो जिवावर बेतू शकतो. त्यात रेग्युलेटर फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवला असेल, तर बंद असतानाही वायंडिंगवर पूर्ण फेज असते.

म्हणून : रेग्युलेटर आणि त्याच्या आधीचा स्विच दोन्ही फेजमध्येच, टेस्टरने खात्री करून. कूलरला थ्री पिन प्लग, आणि अर्थची तार पत्र्याच्या बॉडीला नट-वॉशरने आवळलेली. रंग खरवडून चकचकीत पत्रा लागला पाहिजे, रंगावर आवळलेली अर्थ काही कामाची नाही. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना प्लग काढा, फक्त स्विच बंद करून भागत नाही. कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू एवढ्या चार गोष्टींनी टळण्यासारखे असतात. पाण्याचा छोटा पंपही रेग्युलेटरच्या मागे जोडू नका. त्याला वेगळा स्विच द्या, कमी व्होल्टेजवर तो पाणी चढवत नाही आणि आतल्या आत जळतो.

प्रश्न : शिलाई मशीनची मोटर आणि हातातली ड्रिल याच रेग्युलेटरवर चालेल का?
*एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती*

चांगली चालेल. या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. त्यांचा वेग फ्रिक्वेन्सीशी बांधलेला नसतो, व्होल्टेज कमी केलं की वेग खरोखर उतरतो आणि फार खालपर्यंत नेता येतो. ट्रायॅकला हीच मोटर सर्वांत शोभते. ६०० वॅटच्या ड्रिलला बीटीए १६ घ्या, सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ड्रिलच्या घोड्यातच स्पीड कंट्रोल असेल, तर बाहेरून दुसरा लावू नका, दोन ट्रायॅक एकमेकांचा इशारा बिघडवतात. कमी वेगावर लोड आला की वेग दबतो, कारण साध्या सर्किटला वेग किती आहे हे कळत नाही. आणि कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो. जाड लोखंडाला भोक पाडत असाल, तर दर दोन-तीन मिनिटांनी ड्रिल रिकामी फुल वेगात चालवून थंड करा.

प्रश्न : कपाशीच्या बॅटरी फवारणी पंपाचा नॉब खराब झाला. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरमधला ट्रायॅक लावला तर मोटर चालू होते, पण बंदच होत नाही.
*एक शेतकरी वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा*

पंपाची १२ व्होल्टची बॅटरी डीसी आहे. ट्रायॅक करंट शून्यावर आला की बंद होतो, आणि डीसीत करंट शून्यावर येतच नाही. तिथे मॉस्फेटवर (डीसीतही बंद करता येणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालणारं, करंट झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारं पीडब्ल्यूएम मॉड्यूल लागतं, १२ व्होल्टसाठी, १० अँपिअरचं. प्लस आणि मायनस नीट पाहून जोडा, उलटं जोडलं की मॉस्फेट जातो. बॅटरीजवळच्या प्लस तारेत फ्यूज ठेवा. मॉड्यूल टाकीच्या वर, औषध सांडणार नाही अशा जागी प्लास्टिकमध्ये बंद करून बसवा. नॉब कमी केला की नोझलवरचा दाब उतरतो आणि थेंब मोठे पडतात. पानांवर बारीक फवारा हवा असेल तेव्हा वेग पूर्ण ठेवा. तणनाशक मारताना कमी ठेवा, म्हणजे औषध वाऱ्याने शेजारच्या ओळीतल्या कपाशीवर जाणार नाही.